न फसफसणारा खडा

“सिकुधानी, या विद्यापीठात नजर ठेवण्यासारखी दोनच माणसं आहेत. एक मी. दुसरा अजून सापडायचाय, आणि सापडेल तेव्हा तो मलाच सापडेल.”

केस पिकायला लागले माझे, तरी मोरोगोरोच्या त्या प्रयोगशाळेतला हा आवाज कानातून जात नाही. रसायनशास्त्राचा पहिला तास होता. बाहेर उलुगुरूच्या डोंगरावर ढग टेकले होते आणि आत माझ्या शेजारच्या स्टुलावर हा आवाज टेकला होता. नाव मशाका. आमच्याकडे अडचणीच्या दिवसांत जन्मलेल्या पोराला हे नाव ठेवतात. अर्थ दोन, शंका आणि संकटं. शंका तो स्वतःकडे ठेवायचा. संकटं शेजाऱ्यांत वाटायचा.

“आमच्या म्बेयाला,” तो पुढे म्हणाला, “गल्लीत कोंबडी चोरीला गेली की लोक पोलिसांकडे जात नाहीत. थेट माझ्याकडे येतात.”

“तू शोधून देतोस म्हणून?”

“तेवढं कुणी थांबतच नाही. आधी विचारतात, काल संध्याकाळी तू कुठे होतास? माझ्या हालचालींबद्दल जनतेला केवढं कुतूहल बघ!”

त्याच्या अंगावर पांढरा कोट होता. तो जेवायला कोट, चर्चला कोट, झोपायला बहुधा कोट. खिशाजवळ एक तपकिरी डाग. विचारलं तर म्हणायचा, “जुन्या प्रकरणाची खूण आहे.” कोट त्याच्या मामाचा होता आणि मामाचं मटणाचं दुकान होतं, हे मला फार नंतर कळलं.

प्रयोगाला जोड्या पाडल्या तेव्हा आडनावांच्या अक्षरांनी मला या माणसाच्या गळ्यात बांधलं. मी सिंगिडाची. काकांचा सूर्यफुलाच्या तेलाचा घाणा. निघताना काका म्हणाले होते, “जा, शीक. सरकारनं कर्ज दिलंय, देवानं डोकं दिलंय. पण पहिल्या सत्रात प्रयोगात आपटलीस तर कर्जही बंद आणि कॉलेजही बंद. काळजी करू नकोस पोरी, घाण्यावरचं तुझं स्टूल मी कुणाला देत नाही.” एवढ्या मायेनं बोलले, की ते स्टूल रोज रात्री माझ्या उशाशी येऊन बसायचं.

आमचे प्रयोग घ्यायच्या अनासिया मॅडम. उंच, शांत, चालताना आवाज न करणाऱ्या. लग्न होऊन पुष्कळ वर्षं झालेली. पण आमच्याकडे बाईला पहिलं मूल झालं की ती अमक्याची आई होते आणि तिचं स्वतःचं नाव घडी घालून पेटीत जातं. मॅडमचं नाव अजून पेटीबाहेरच होतं. वर्गातल्या थोराड बाईंचं उलट. त्या टांगा शहरात प्राथमिक शाळेत मास्तरीण होत्या, दोन लेकरं आईकडे ठेवून पदवीला आलेल्या. त्यांना सगळे झुहुराची आई म्हणत. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकालाही नीट ठाऊक नव्हतं.

मॅडमचा नियम एकच. “इथे तोंडात काहीही घालायचं नाही. पेनाचं टोपणसुद्धा नाही. झुहुराच्या आई, त्या तळलेल्या मांदाझी बाहेर ठेवा.”

“अहो, पिशवीत आहेत त्या,” झुहुराची आई म्हणाली. “तोंडात घातल्यात कुठे?”

“एक गाल फुगलाय तुमचा.”

“तो दुःखानं फुगलाय.”

त्या सोमवारी टेबलावरच्या ताटलीत पुड्या मांडल्या होत्या. बरण्यांचा दुष्काळ, म्हणून नमुने जुन्या उत्तरपत्रिकांच्या कागदात बांधलेले. बाहेर भाजके शेंगदाणेही त्याच कागदात मिळायचे, त्यामुळे नापास झालेली आमची पोरं निदान शेंगदाण्यांच्या तरी उपयोगी पडत. प्रत्येक पुडीत एकेक खडा, प्रत्येक निराळा. खडा कुटायचा, विरघळवायचा, ॲसिड घालायचं, ज्योतीवर धरायचा आणि शुक्रवारपर्यंत ओळखायचा. या एका खड्यावर सत्राचं पास-नापास.

मी उठायला लागले, तर मशाकानं हात आडवा केला. “तू टेस्ट ट्यूबा धू. नमुना निवडणं हे शास्त्र आहे.”

मी धुऊन येईपर्यंत त्यानं खडा खलात घालून पार भुगा केला होता.

“अरे! आधी बघायचा असतो ना? रंग, आकार, कडा...”

“पुरावा पळून जायच्या आत कुटावा,” मशाका म्हणाला. “एक कपची मी खिशात राखून ठेवलीये. न्यायालयासाठी.”

आता ऐका त्या भुग्याची करणी. पाण्यात टाकला, तर विरघळेना. नुसतं गढूळ झालं, जनावर उतरलेल्या तळ्यासारखं. ज्योतीवर धरला, तर रंग नाही. तापवला, तर विटेसारखा कडक. ॲसिड घातलं आणि मी कान लावला. शेजारच्या टेबलांवर काय काय चाललं होतं! कुणाच्या नळीत बुडबुडे, कुणाच्यात निळाई, कुणाच्यात बर्फासारखा साका. आमच्या नळीत शांतता. अंत्यविधीला शोभेल अशी.

“बोलत नाहीये,” मी म्हटलं.

“मुरलेला आहे,” मशाका म्हणाला. “सराईत गुन्हेगार पहिल्या दिवशी बोलत नाहीत.”

ओल्या भुग्याचा वास मात्र मला कुठेतरी नेऊ लागला. आजी उखळात भरड कांडायची तेव्हा मागच्या मातीच्या भिंतीला असा वास असायचा. मुसळाच्या ठोक्यावर ती गायची, ते माझ्या ओठावर आपसूक आलं:

पहिल्या महिन्यात बाई, गोड लागेना गोडाला
जीव माझा गुंतला गं, भिंतीच्या त्या पोपड्याला

“गाऊ नकोस,” मशाका दबक्या आवाजात म्हणाला. “कुणाला तरी इशारा देतेयस असं वाटतं.”

मी गाणं तोडून नळी हलवू लागले. उत्तर माझ्या जिभेवर नाचत होतं आणि मी त्याला गाणं समजत होते.

मंगळवारी मशाकाचा पहिला सिद्धांत आला. घातपात. आमच्या मागच्या टेबलावर कुल्वा आणि डोटो हे जुळे भाऊ होते. म्वान्झाकडचे, एकासारखे एक.

“त्यांनी आपला खडा बदलला.”

“कशावरून?”

“दोघं इतके सारखे दिसतात. काहीतरी लपवल्याशिवाय माणसं एवढी सारखी दिसत नाहीत.”

तो जाऊन दोघांची वेगवेगळी उलटतपासणी घेऊन आला. पण एकाचीच दोनदा घेतली. कुल्वा म्हणाला, “दुसऱ्यांदा मी जरा बरी उत्तरं दिली.”

बुधवारी दुसरा सिद्धांत. नवं मूलद्रव्य. “पाण्याला भीक घालत नाही, ॲसिडला जुमानत नाही, आगीत टणक होतं. असं मूलद्रव्य तक्त्यात नाहीच. नाव ठरलंय, मशाकियम. तुझं नाव तळटीपेत घालू.”

“तळटीपेत राहिले तर कर्ज चालू राहील का?”

“तू फार व्यवहारी आहेस. म्हणूनच तू मदतनीस आहेस.”

“आपण भागीदार आहोत, मशाका. दोघं एकत्र नापास होणार आहोत.”

हे वाक्य मात्र त्याला लागलं. तो कोटाचा डाग नखानं खरवडू लागला. त्यालाही म्बेयाला परत जायचं नव्हतं. तिथे कोंबड्या अजून हरवत होत्या.

तेवढ्यात अनासिया मॅडम कपाटांच्या खोलीतून बाहेर आल्या. हातात चहाचा पेला, चेहरा नेहमीपेक्षा उजळ. झुहुराच्या आईला म्हणाल्या, “काय सांगू, कित्येक दिवसांनी आज चहा प्यायले आणि छातीत जळजळ नाही झाली.” आणि हसल्या. झुहुराच्या आईनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एक मांदाझी मुकाट्यानं त्यांच्या पेल्यावर ठेवली. नियमाबद्दल कुणीच काही बोललं नाही.

मशाकानं माझा दंड धरला. “बघितलंस? शुक्रवारच्या मुदतीआधी हसणारी रसायनशास्त्राची बाई! हिच्यावर पाळत ठेवायला हवी.”

मग गुरुवारी पाळत. मशाका वेषांतर करून बसथांब्यावर उभा राहिला. वेषांतर म्हणजे काळा चष्मा. कोट तोच. मक्याची कणसं भाजणारी बाई ओरडली, “मशाका, आज डोळे आलेत का रे?” डालाडाला बसच्या कंडक्टरनं दारात लोंबकळत हाक मारली, “ए डॉक्टर, चढतोस का?” डोटो, की कुल्वा, जाता जाता म्हणाला, “तिसऱ्यांदा घ्यायची असेल तर मी मोकळा आहे.”

तरीही बातमी घेऊन तो धावत आला. “सिकुधानी! बाई थांब्यामागच्या एका म्हातारीकडे गेली. म्हातारीसमोर गोणपाटावर ढीग होते, मध्ये बस आली म्हणून कशाचे ते दिसलं नाही. बाईनं इकडेतिकडे पाहिलं, पुडी घेतली आणि पर्समध्ये टाकली. सगळा उलगडा झाला! आपल्या देशात खाणी किती? सोनं आहे, जांभळी रत्नं आहेत. बाई खनिजांची तस्करी करते. चुकून तिचा कच्चा माल ताटलीत आला आणि नेमका माझ्या हाती लागला. नियतीलाही तपासनीस कळतो.”

“मशाका, उद्या शुक्रवार आहे.”

“उद्या अटक आहे.”

त्या रात्री घाण्यावरचं स्टूल माझ्या उशाशी आलं ते पाट मांडून जेवायलाच बसलं.

शुक्रवारी सगळ्यांची उत्तरं झाली. कुल्वा-डोटोंना धुण्याचा सोडा. कुणाला तुरटी, कुणाला टाकणखार, कुणाला नवसागर. कोपऱ्यातल्या जोडीला शिशाचा क्षार, आणि तो ओळखल्याच्या आनंदात त्यांनी एवढ्या वेळा हात धुतले की साबण संपला. उरलो आम्ही. मी तोंड उघडायच्या आत मशाका टेबलापुढे जाऊन उभा राहिला. चष्मा लावला, काढला, परत लावला.

“मॅडम, खेळ संपलाय. पर्स उघडा.”

मॅडमचा हात पर्सवर गेला आणि तिथेच राहिला. त्या रागावल्या नाहीत, हेच मला खटकलं. त्या भ्यायल्या.

“हा पाहा पुरावा!” मशाकानं खिशातून ती राखून ठेवलेली कपची काढून उंच धरली. “करड्या रंगाचं, पाण्याला न बधणारं...”

“दाखव इकडे,” झुहुराची आई म्हणाली. तिनं ती कपची त्याच्या चिमटीतून घेतली, हुंगली, आणि कुणी काही म्हणायच्या आत तोंडात टाकली. कुर्रर्र आवाज झाला.

“मूलद्रव्य खाल्लं!” मशाका किंचाळला.

“कसलं मूलद्रव्य, मेल्या? पेंबा आहे हा. खायची माती. थांब्यामागची म्हातारी विकते ती. झुहुराच्या वेळी मी गोणीभर खाल्ला, धाकट्याच्या वेळी दीड गोणी. आणि हा चांगला खरपूस आहे हो, म्हातारीचा हात बसलाय.”

प्रयोगशाळेत सगळेच एकदम हसले. आठवडाभर आम्ही मातीला विचारत होतो, तू कोण. ती बिचारी तिच्या परीनं सांगत होती, मी माती. माझ्या नाकात भिंतीचा वास होता, ओठावर आजीचं गाणं होतं, आणि मी पुस्तकातले तक्ते उलटत होते. अशी माती मीही खाल्ली म्हणायची, तोंडात न घालता.

“पण ती आमच्या पुडीत आली कशी?” मी विचारलं. “मशाका, सोमवारी तू खडा घेतलास कुठून?”

“ताटलीतून.”

“मशाका.”

तो कोटाच्या बटणाशी खेळू लागला. “ताटलीतल्या पुड्या उघड्यावर होत्या. उघड्यावर ठेवलेली वस्तू म्हणजे आमिष, हे शेंबडं पोरही सांगेल. खरी पुडी पर्सच्या आड लपवलेली होती. मी ती घेतली. आणि संशय येऊ नये म्हणून आपल्या वाट्याची पुडी तिच्या जागी ठेवली. अदलाबदल इतकी सफाईनं केली, की...”

तो बोलता बोलता थांबला, कारण कुणीच हसत नव्हतं. सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

“मी ती खाल्ली,” त्या हळूच म्हणाल्या. “मंगळवारी. कपाटांच्या खोलीत, दिव्याविना. शिळा लागला मला पेंबा, तरी खाल्ला.”

मशाकाच्या नाकावरून चष्मा घसरून पडला. “शिसं,” तो पुटपुटला. “शिसं असलं तर? मी... मॅडम, मी...” मी त्याला पहिल्यांदाच शब्दांसाठी अडखळताना पाहिलं. मागे न बघताच तो खाली बसू लागला. डोटोनं स्टूल सरकवलं.

“शिसं आमच्याकडे आहे!” कोपऱ्यातून साबण संपवणारी ओरडली. “शपथेवर आमच्याकडेच आहे!”

तेव्हा कुठे माझं डोकं, जे देवानं दिलंय असं काका म्हणायचे, जागेवर आलं. प्रत्येक पुडीत निराळा खडा होता ना? मग ज्यांना मिळालं ते सोडून उरलं काय? मी एकेका टेबलाला हाक घातली. सोडा? इथे. तुरटी? इथे. टाकणखार? इथे. नवसागर? मोरचूद? मीठ? इथे, इथे, इथे. मी मॅडमकडे वळले.

“मॅडम, तुम्ही ताटलीत आणखी काय ठेवलं होतं? यांच्यापैकी कुणाकडेच नाही असं?”

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले. मग चेहऱ्यावरचा दगड सुटून पडावा तसं झालं.

“चुनखडी,” त्या म्हणाल्या. “साधी चुनखडी गं.”

“आणि बुधवारी तुमची जळजळ थांबली.”

“बुधवारी माझी जळजळ थांबली!” त्या खुर्चीत बसल्या आणि हसू लागल्या, हसता हसता डोळे पुसू लागल्या. “अगं, औषधाच्या दुकानात आम्लपित्तावर देतात ती गोळी म्हणजे दुसरं काय असतं? पोटात फसफसली असेल बिचारी!”

झुहुराच्या आईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही. मी जवळ गेले तेव्हा माझ्या कानाशी ती पुटपुटली, “दोनदा पोटातलं गेलंय तिचं. म्हणून मुकी राहिलीये, आईपाशीसुद्धा. तू काही बोलू नकोस. जे बोललं नाही त्याला नजर लागत नाही.” आजीच्या गाण्याचा पुढचा ठोका मला तेव्हा आठवला:

नको सांगू सखे कुणा, कळी अजून मिटलेली
मुठीआड धर वारा, वात आताच पेटलेली

मॅडम उठल्या. कपाटातून खडा आणला, आमच्या टेबलावर ठेवला. उघडाच, पुडीविना. “तास संपायला अवकाश आहे. सिकुधानी, कर सुरुवात. मशाका, तू कुटायचं नाहीस. तू फक्त बघायचंस.”

मी आधी रंग पाहिला. कडा पाहिल्या. मग थोडासा कुटला, नळीत घातला, वरून ॲसिडचे थेंब सोडले.

फस्सऽऽ!

काय सांगू तो आवाज! कढईत पहिली मिरची पडावी तसा. बुडबुडे नळीच्या गळ्यापर्यंत धावले. वायू चुन्याच्या निवळीत सोडला, निवळी दुधासारखी झाली. ज्योतीवर धरलं, विटकरी लाल रंग फुलला. खडा आठवडाभर मुकी बसलेली सून माहेरी गेल्यावर बोलावी तसा बोलत सुटला. मी उत्तर लिहिलं, मॅडमनी खाली सही केली, आणि सिंगिडाच्या घाण्यावरचं ते स्टूल उठून, माझ्याकडे न बघता, दाराबाहेर चालतं झालं.

सगळे आवराआवर करू लागले. मशाका मात्र तिथेच उभा. कपाळाला आठ्या.

“एक गोष्ट राहतेय,” तो म्हणाला.

“काही राहत नाहीये,” मी म्हटलं. “चल.”

“हेतू, सिकुधानी! हेतू कुठे आहे? शिकलेली बाई, पगारदार, घरी चूल पेटते. ती माती का खाईल? आणि तीही अंधारात, लपून?”

कुल्वानं त्याच्या पायावर पाय दिला. डोटोनं दुसऱ्या पायावर दिला. झुहुराच्या आईनं पिशवीत हात घातला. “मशाका, मांदाझी खा आणि गप्प बस.”

“इथे तोंडात काही घालायचं नाही असा नियम आहे,” मशाका म्हणाला. “आणि हेतू कळल्याशिवाय मी प्रकरण मिटवत नाही. म्बेयातही नाही मिटवलं. मॅडम, मघाशी मी फार घाबरलो होतो. शिसं असतं तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. म्हणून विचारतो. रागावू नका. का खाता तुम्ही माती?”

साऱ्या खोलीला कळलेलं होतं. भिंतींना, नळांना, कोपऱ्यातल्या तराजूलासुद्धा. त्या एकट्याला नव्हतं. त्याच्या त्या लांबट, भाबड्या चेहऱ्यावर फक्त प्रश्न होता. त्यात नजर लागण्यासारखं काहीच नव्हतं.

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर उलुगुरूकडे. पर्सवरचा हात उचलून त्यांनी पोटावर ठेवला आणि आईलाही न सांगितलेलं वाक्य विद्यापीठातल्या सगळ्यात भोळ्या माणसाला सांगून टाकलं.

“मशाका,” त्या म्हणाल्या, “मला बाळ होणार आहे.”